चकतीमावशी आणि चमचाभर कॉर्नफ्लॉवर

माझ्या थोरल्या मावशीला सगळे चकतीमावशी म्हणायचे आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही. "चकती नटबोल्टाला असते," असं ती फणकारून म्हणायची. पण नाव एकदा चिकटलं की सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर ती बनवायची त्या भाकरींना घरात आम्हीही चकत्याच म्हणायचो. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, फादर वेदीवर जी पातळ, पांढरी, नाण्याएवढी भाकर हातात घेतात आणि जी त्यांच्या प्रार्थनेनंतर आमच्या श्रद्धेप्रमाणे नुसती भाकर उरत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते, ती मावशी बनवायची. आमच्या चर्चला, आजूबाजूच्या चर्चना आणि बिशपच्या घरातल्या छोट्या चॅपेललासुद्धा तिच्याच हातच्या चकत्या जायच्या.

मी तिच्याकडेच वाढले. तिला मूलबाळ नव्हतं आणि माझी आई लवकर गेली. मावशीची श्रद्धा तिच्यापाशी आणि माझी जीभ माझ्यापाशी, अशी आमची वाटणी होती. मी भाविक, पण रविवारपुरती.

स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिचा साचा होता. लोखंडाच्या दोन जड पाट्या, एकीवर ओळीने कोरलेले क्रूस, आणि खाली विजेची शेगडी. आमच्याकडचा सिस्टरांचा मठ बंद झाला तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनी तो मावशीला दिला होता. पीठ ताकापेक्षा जरासं घट्ट कालवायचं, एक गुठळी राहता कामा नये. साच्याला मेणाचा बोळा फिरवायचा, पळीभर पीठ मधोमध ओतायचं आणि वरची पाटी दाबायची. फुस्स करून वाफ निघायची. ती थांबली की मावशी साचा उघडायची आणि आत पांढरा, कडक, क्रुसांनी भरलेला पापुद्रा असायचा. तो लगेच कापायचा नाही, नाहीतर त्याच्या ठिकऱ्या होतात. ओल्या फडक्यांमध्ये ठेवून आधी मऊ पडू द्यायचा, मग धारदार नळीने चकत्या पाडायच्या. कडेचे तुकडे माझे आणि शेजारच्या मुलांचे. आमच्या घरात बिस्किटाचा पुडा फारसा आलाच नाही, कारण मावशीच्या मते ती चैन होती.

सिस्टरनी साचा देताना सांगितलं होतं, "पीठ आणि पाणी. आणखी काही नाही." मावशीने ते पाककृती म्हणून ऐकलं. नियम म्हणून ऐकलं नाही. इथेच सगळी गोम होती.

पुढे आमची जुनी गिरणी बंद पडली आणि बाजारातलं तयार पीठ आलं. ते दिसायला गोरंगोमटं, पण कामाला कुचकामी निघालं. पापुद्रे साच्यातच चिरायचे. मावशीने पाणी वाढवलं, कमी केलं, साचा जास्त तापवला, कमी तापवला, गिरणीवाल्याला आणि पीठ विकणाऱ्याला आळीपाळीने शिव्या घातल्या. काही जमेना. शेवटी सूप दाट करायला आणलेलं कॉर्नफ्लॉवर फळीवर दिसलं आणि तिने चमचाभर टाकून पाहिलं. पापुद्रा अखंड निघाला, वर चकचकीतही. नंतर फादर कौतुकाने म्हणाले, "मावशी, हल्ली फार सुबक होताहेत हो!" मावशी नुसती हसली. सुगरण आपली युक्ती कुणाला सांगत नाही, आणि मावशी तर मलाही सांगायची नाही. वर्षामागून वर्षं तो चमचा पिठात पडत राहिला.

याच वर्षांत काका गेले. मावशीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळही त्यानेच चालू केलं होतं. त्या वेळच्या फादरांनी भर मिस्सेत सांगितलं, "घड्याळ चालू झालं, पण अजून मागे पडतंय." झालं! काकांनी जे चर्च सोडलं ते सोडलंच. मावशीने विनवलं, रागावली, अबोला धरला. काकांचं एकच उत्तर असायचं, "घड्याळ बरोबर होतं. त्यांची मिस्सा लांबली होती." असा हा हट्टी माणूस शेवटच्या आजारात एका सकाळी आपणहून म्हणाला, "फादरांना बोलाव." त्याने पापं सांगितली, कम्युनियन घेतलं, म्हणजे फादरांच्या हातून ती चकती खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी गेला. मावशीचं दुःख त्या एका गोष्टीवर टेकून उभं होतं. रडता रडता ती मध्येच डोळे पुसून म्हणायची, "पण घेऊन गेला हो. रिकामा नाही गेला."

मग नवे बिशप आले. लोकांना वाटलं, आता एखादा हॉल बांधतील नाहीतर शाळेला मजला चढवतील, कारण बिशप आले की विटा येतात असा आमचा अनुभव. पण हे वेगळेच निघाले. ते म्हणाले, "माझं काम एकच. माणसं या मेजावरून उठून गेलीत, त्यांना परत बसवायचं." ते प्रत्येक चर्चमध्ये जाऊन राहायचे, मागच्या बाकावर बसायचे, अंथरुणाला खिळलेल्यांकडे स्वतः कम्युनियन घेऊन जायचे. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांनी आराधनेचा तास सुरू केला. वेदीवर पवित्र ख्रिस्तशरीर ठेवायचं आणि समोर गप्प बसायचं, बस्स. सुरुवातीला आमच्याकडे मावशी, दोन म्हाताऱ्या आणि पंख्याखाली डुलकी काढायला येणारा शेजारचा न्हावी, एवढेच असायचे. पण हळूहळू बाकं भरायला लागली. मी एकदा गेले आणि अर्ध्यातून उठले. तासभर गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही.

बिशप आमच्या चर्चला आले त्या रविवारी त्यांनी प्रवचन असं केलंच नाही. पायऱ्या उतरून खाली आले आणि अजून मंत्रित न केलेली एक चकती हातात धरून मिस्सेचा अर्थ समजावू लागले. फार छान बोलत होते, मीसुद्धा ऐकत होते. बोलता बोलता म्हणाले, "यात फक्त गहू आणि पाणी. चिमूटभर दुसरं काही पडलं, तर ही ती भाकरच नव्हे." मग त्यांनी हसून आमच्या बाकाकडे हात केला. "आणि ही आपल्याच मावशींच्या हातची!"

सगळं चर्च वळून कौतुकाने बघायला लागलं. मावशीने मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

कम्युनियनला मी उठले तेव्हा ती उठली नाही. गुडघे दुखत असतील म्हणून मी हात पुढे केला, तिने तो बाजूला केला. घरी आल्यावर तिने साच्यावर चादर टाकली. पुढच्या रविवारीही ती बाकावरच बसून राहिली. त्याच्या पुढच्याही. ताटातलं अन्न चिवडायची आणि तसंच ठेवायची. मी विचारून विचारून थकले. शेवटी एका दुपारी भांडी घासताना ती पाठमोरीच बोलली.

"त्यात मी कॉर्नफ्लॉवर घालते."

"कशात?"

"चकत्यांत. गिरणी बंद झाल्यापासून."

मी हसले. मला वाटलं, मावशीने कुणाचा खून तरी केलाय आणि निघालं काय, तर कॉर्नफ्लॉवर. "एवढंच ना? चमचाभर पिठाने काय आभाळ कोसळतंय?"

तिने नळ बंद केला. "तुझ्या काकांनी शेवटची घेतली ती माझ्या हातची होती. ती भाकरच नव्हती, तर त्यांनी काय घेतलं गं? सूप घट्ट करायचं पीठ?"

मग मात्र मला हसू आलं नाही. मावशी ओले हात तसेच धरून उभी होती आणि मला तिची भयंकर कीव आली. तिच्यापाशी होती नव्हती ती एकच खात्री तिच्याच हाताने विस्कटली होती.

आम्ही आधी फादरांकडे गेलो. माणूस चांगला, पण भित्रा. त्यांनी दार लावून घेतलं. "मावशी, माझ्या मते चिंता करण्यासारखं काही नसावं."

"मते? नसावं?" मावशीने ते दोन शब्द नेमके पकडले.

"हे बघा, राहिलेल्या चकत्या मी वापरत नाही, दुसरीकडून मागवतो. पण तुम्ही कुठे बोलू नका. आत्ता कुठे लोक परत यायला लागलेत. हे बाहेर पडलं तर म्हणतील, इतकी वर्षं आम्ही खाल्लं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे, फादर," मावशी म्हणाली. "झाकायची की उघडायची ते मी बघेन. मला बिशपना विचारायचंय."

बिशपच्या घरी आम्हाला एका लांबट खोलीत बसवलं. भिंतीवर आधीचे सगळे बिशप ओळीने टांगलेले, प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. खुर्च्या इतक्या गुळगुळीत की मावशी दोनदा घसरली. मी मनात भांडण तयार करून आले होते. म्हाताऱ्या बाईला चारचौघांत बोट दाखवून घायाळ करणाऱ्या माणसाला चार शब्द सुनवायचे होते.

बिशप आले ते सपाता घालून, सर्दीने नाक लाल झालेलं, हातात रुमाल. समोर खुर्ची ओढून बसले. "बोला मावशी."

"फादर," मावशीने सुरुवात केली. दाराशी उभ्या असलेल्या सेक्रेटरीने खाकरून तिला चूक दाखवली. बिशपनी त्याच्याकडे बघितलं आणि मावशीला म्हणाले, "फादरच म्हणा. बरं वाटतं ऐकायला."

तिने सगळं सांगितलं. गिरणी, चिरणारे पापुद्रे, फळीवरचा डबा. काही लपवलं नाही आणि रडलीही नाही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "किती घालत होता?"

"किलोला चमचा."

"कसला चमचा?"

"चहाचा."

"सपाट?"

मावशी घुटमळली. "घाई असली की शीग लावून."

मला वाटलं, आता हे हसतील. ते हसले नाहीत. तो चमचा त्यांनी फार गंभीरपणे घेतला आणि त्याच क्षणी माझ्या भांडणातली अर्धी हवा गेली. मग ते म्हणाले, "घालायला नको होतं. यापुढे घालायचं नाही. पण किलोभर गव्हात चमचाभर काही पडलं, तरी ती गव्हाचीच भाकर राहते. त्या मिस्सा खऱ्या झाल्या. सगळ्याच्या सगळ्या."

"मग तुम्ही त्या दिवशी का म्हणालात, ती भाकरच नव्हे म्हणून?"

मावशी बिशपशी असं बोलेल हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. सेक्रेटरी जमिनीकडे बघायला लागला. बिशपनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसला. बराच वेळ पुसत होते.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "लोकांच्या मनावर ठसावं म्हणून मी जरा जास्तच ताणलं. नियम सांगितला तो खरा. पण तो मोडला की काय होतं, ते चुकीचं सांगितलं. आणि वर तुमच्याकडे हात केला."

राहिलेली हवाही गेली. तयार करून आणलेले ते चार शब्द मी तसेच परत घेऊन आले.

मावशीचं मात्र अजून संपलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेला सरकली. "माझे मिस्टर बावीस वर्षं चर्चला आले नव्हते. शेवटी आपणहून मागितलं त्यांनी. ते याच चकत्यांतलं होतं." तिचा आवाज फाटला. "त्यांना मिळालं का?"

"मिळालं."

"नक्की?"

"नक्की. आणि मावशी, समजा तुमच्या डब्यात सगळाच मका असता, तरी इतक्या वर्षांनी दारात आलेल्या माणसाला देवाने उपाशी परत पाठवलं नसतं. तुमच्या चमच्यापेक्षा तो नक्कीच मोठा आहे. पण तसं म्हणायची वेळच आलेली नाही. त्यांना मिळालं."

तेव्हा मावशी रडली. काका गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. बिशपनी आपला सर्दीचा रुमाल पुढे केला, मग चूक लक्षात येऊन मागे घेतला. शेवटी मीच पदर पुढे केला.

तिचं रडणं ओसरल्यावर ते म्हणाले, "तुम्ही त्या दिवसापासून कम्युनियन घेतलं नसेल?"

तिने मान हलवली.

"मग चला. आत्ताच मिस्सा करू."

चॅपेलमध्ये त्यांनी कपाट उघडून चकत्यांचा डबा काढला आणि झाकणावर हात ठेवून थांबले. डबा मावशीचाच होता, तिने तो लांबूनच ओळखला. "आता कळल्यावर या वापरायच्या नाहीत," बिशप म्हणाले. सेक्रेटरी म्हणाला, "मी मोठ्या चर्चमधून आणतो." बिशपनी जरा विचार केला. मग मावशीला विचारलं, "साच्याशिवाय करता येते तुम्हाला?"

"भाकर भाजायला साचा कशाला लागतो?" मावशी म्हणाली. रडून सुजलेल्या चेहऱ्यावर तिचा जुना फणकारा परत आलेला बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू.

बिशपचा स्वयंपाकी हा जाडजूड, जहाजावर आयुष्य काढलेला माणूस. आपल्या ओट्याशी परकी बाई आलेली त्याला अजिबात रुचलं नाही. "पीठ चांगलं आहे," तो म्हणाला, "निव्वळ गव्हाचं." मावशीने पिठाच्या पिशवीवरचं बारीक अक्षर न् अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं. मग तिने तवा मागितला आणि तेलाचा ओशटपणा जाईपर्यंत घासला. स्वयंपाकी बिशपकडे बघत म्हणाला, "तवा घासलेलाच होता, साहेब." मावशी म्हणाली, "घासला होता, पण धुतला नव्हता." तिने पीठ मळलं, लहानशी गोल भाकर हाताने थापली आणि तव्यावर टाकली. तेवढ्यात वरून मीठ भुरभुरायला सरसावलेल्या स्वयंपाक्याचा हात तिने वरच्यावर धरला. त्या गडबडीत उलटायचं काम बिशपकडे आलं. ते रुमालात शिंकत राहिले आणि भाकर एका अंगाला काळी पडली.

"उतारवयात शिकतोय मी," बिशप म्हणाले.

"दिसतंय," मावशी म्हणाली.

मिस्सेला आम्ही चौघंच होतो: मावशी, मी, सेक्रेटरी आणि दाराशी हात पुसत उभा राहिलेला स्वयंपाकी. बिशपनी ती वाकडी, एका बाजूने करपलेली भाकर उचलली आणि वर धरली. आयुष्यभर मी पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या चकत्या वर गेलेल्या पाहिल्या होत्या. खरं सांगते, त्यांची मला सवय झाली होती. त्या दिवशी त्या भाजलेल्या वासाने मला भूक लागली आणि पहिल्यांदाच मला कळलं की आपल्याला खायला बोलावलंय. बिशपनी भाकर मोडली. मावशीला तो तुकडा चावावा लागला. ती डोळे मिटून, हळूहळू, बराच वेळ चावत राहिली आणि आम्ही सगळे तिच्यासाठी थांबलो.

पुढच्या गुरुवारी बिशप आमच्या चर्चला परत आले. आराधनेआधी उभे राहून त्यांनी स्वतःचं वाक्य स्वतःच दुरुस्त केलं, मावशीचं नाव न घेता. पण मावशीला कुठे राहवतंय! ती बाकावरून उठून म्हणाली, "तो चमचा माझा होता." मग मागच्या बाकावरचा न्हावी पुटपुटला, "तरीच त्या छान लागायच्या." सगळं चर्च हसलं, बिशपसुद्धा हसले, आणि फादरांची झाकलेली मूठ अशी हसण्यावारी उघडली. बाकं काही रिकामी झाली नाहीत. लोक मला आडून आडून विचारायला लागले, नेमकं काय झालं होतं, मिस्सेत नेमकं काय घडतं. मी सांगता सांगता बरंच शिकले.

मावशीने साच्यावरची चादर काढली. पापुद्रे पुन्हा चिरायला लागले आणि ती पुन्हा पीठवाल्याला शिव्या घालायला लागली. चकत्या पूर्वीइतक्या देखण्या झाल्या नाहीत. जाड व्हायच्या, कडेला दातेरी. पुढे तिच्या मनगटात जोर राहिला नाही, तेव्हा वरची पाटी मी दाबायला लागले. मग कालवायलाही मीच. ती स्टुलावर बसून चुका काढायची. तासभर गप्प बसणं मला अजूनही जमत नाही, पण साच्यासमोर मी तासन् तास असते आणि तिथे बडबड करत नाही.

शेवटचं वर्ष तिने अंथरुणातच काढलं. श्वास लागायचा, पण अक्कल शाबूत होती आणि जीभही. शेवटच्या दिवशी बिशप स्वतः आले. खोलीत आम्ही आठ-दहा जण गुडघ्यांवर होतो. त्यांनी छोट्या डबीतून मी केलेल्या चकत्यांतली एक काढली, तिच्या चेहऱ्यासमोर धरली आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

मावशीने एक डोळा उघडला. नीट निरखून पाहिलं. मग मान जराशी वळवून मला शोधलं.

"जाड झालीय," ती मला म्हणाली.

आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आमेन."